अमेरिकेचा साल्मोनेला तपास: लातूरच्या एका मेसवालीचा रिव्ह्यू

रिव्ह्यू कशाचा, तर अमेरिकेत साल्मोनेलाचा, म्हणजे खाण्यातून पोटात जाऊन जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूचा, जो सरकारी तपास चालतो त्याचा. तिकडची सीडीसी म्हणून संस्था आहे, कुणाला हगवण लागली, कशामुळं लागली, काकडीमुळं का अंड्यामुळं, काकडी असेल तर कुठल्या शेतातली, हे सगळं हुडकून काढते आणि फुकटात जाहीर करते. हसू नका बरं का. मिक्सरचे, कुकरचे, बिर्याणीचे रिव्ह्यू सगळेच टाकायलेत. मी लातुरात पोरींची मेस चालवते, नीटची तयारी करणाऱ्या पोरी, काही बसून जेवणाऱ्या काही डबेवाल्या, आणि धंद्यासाठी आजवर ज्या ज्या सेवा वापरल्या, गॅसवाला, जारवाला, मोंढ्यातला किराणा, त्या सगळ्यांपेक्षा ही मला जास्त कामाला आली. बीएस्सीला मायक्रो होतं, मग लग्न, मग मेस, त्यामुळं जंतूचं नाव वाचून घाम फुटत नाही, एवढाच माझा अधिकार.

आधी मिळतं काय ते सांगते. साइट उघडली की चालू असलेल्या साथींची यादी दिसते आणि प्रत्येक साथीला स्वतःचं पान. वर मोठ्या अक्षरात आजारी किती, ॲडमिट किती, दगावले किती, किती राज्यांत पसरलंय आणि माल परत मागवलाय का नाही. त्याखाली नकाशा, मग कुठल्या आठवड्यात किती जण आजारी पडले त्याचा दांड्यांचा आलेख, मग घरच्यांनी काय करायचं आणि दुकानदारानं, हॉटेलवाल्यानं काय करायचं ते वेगवेगळं. गोलगोल भाषा नाही, हे हे कोड असलेली अंडी घरात असली तर फेका, जिथं ठेवली होती ती जागा गरम साबणाच्या पाण्यानं धुवा, असं सरळ. ज्याला आकड्यांची हौस आहे त्याच्यासाठी बीम नावाचा डॅशबोर्ड पण आहे, त्यात साल्मोनेलाचा कुठला प्रकार कुठल्या राज्यात कुठल्या वर्षी किती सापडला ते बघत बसता येतं. प्रकार अडीच हजारांच्या वर आहेत आणि बऱ्याच प्रकारांना जिथं पहिल्यांदा सापडले त्या गावाचं नाव आहे, त्यात पूना आहे, बरेली आहे. लातूर नाही, तेवढं बरंय.

आता तपास चालतो कसा, कारण रिव्ह्यू खरं तर ह्याचाच आहे, साइट काय कुणीपण चांगली बनवतं. माणूस आजारी पडतो, दवाखान्यात जातो, डॉक्टर संडासचा नमुना तपासायला पाठवतात, त्यात साल्मोनेला निघाला की तो जंतू सरकारी लॅबकडं जातो आणि तिथं त्याचा पूर्ण जीनोम वाचतात, म्हणजे त्या जंतूचा सातबाराच म्हणा. तो पल्सनेट नावाच्या जाळ्यात टाकतात. टेक्सासमधल्या म्हाताऱ्याचा जंतू आणि ओहायोमधल्या लेकराचा जंतू तंतोतंत जुळले की संगणक सांगतो, ह्या दोघांची ओळखपाळख नसेल पण ह्यांनी कुठंतरी एकच वस्तू खाल्लीय. हे पल्सनेट १९९६ ला सुरू झालं. त्याच्या आधी १९९३ ला तिकडं हॅम्बर्गरमधून ई. कोलाय नावाच्या दुसऱ्या जंतूची मोठी साथ आली होती, ७०० च्या वर आजारी पडले, चार लेकरं गेली, त्यानंतर हे उभं राहिलं. आधी डीएनएच्या पट्ट्या जुळवायचे, २०१९ पासून सगळीकडं पूर्ण जीनोम.

पण जंतू जुळला म्हणून अन्न सापडत नाही. त्यासाठी माणसं बसवून फोन लावावे लागतात, आणि मला सगळ्यात जास्त आवडलेला भाग हाच. आजारी माणसाला विचारतात, आजारी पडायच्या आधीच्या सात दिवसांत काय काय खाल्लं. काल रात्री काय खाल्लं असं नाही विचारत. सात दिवस. काकडी खाल्ली का, कापलेली का अख्खी, कुठून आणली, अंडी कशी खाल्ली, कोंबडीची पिल्लं हाताळली का, बाहेर कुठं जेवलात, पानंच्या पानं यादी. कारण साल्मोनेला पोटात गेल्यावर त्रास सुरू व्हायला सहा तास पण लागतात आणि सहा दिवस पण लागतात. ही एक गोष्ट आपल्याकडं माणसांना कळली ना तर निम्म्या मेसवाल्यांच्या शिव्या वाचतील. पोट बिघडलं की आपल्याकडं शेवटचं जे खाल्लं त्याच्यावर बिल फाडायचं ठरलेलंच आहे. जेवल्यावर दोन-तीन तासांत भडाभडा उलट्या सुरू झाल्या तर तो बहुतेक दुसऱ्याच जंतूच्या विषाचा उद्योग असतो, भातात होणारे असतात, हातावरच्या फोडातून पडणारे असतात. आणि ताप, पोटात मुरडा, जुलाब हे सोमवारी सुरू झालं तर गुन्हेगार रविवारचं जेवण असेल किंवा त्याच्या आधीच्या बुधवारी बाजारात खाल्लेलं काहीतरी असेल, विचारल्याशिवाय कळतच नाही.

मग दुसरा प्रश्न, निरोग्यांनी काय खाल्लं. हे मला कॉलेजात असताना नीट डोक्यात गेलं नव्हतं, येळवशीनं गेलं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, रानात सगळेच भज्जी (तळलेली भजी नाही, सगळ्या भाज्यांची मिसळ) खातात, सगळेच आंबील पितात, उद्या दहा जणांचं पोट बिघडलं आणि दहाच्या दहा म्हणले भज्जी खाल्ली होती, तर त्यावरून भज्जी वाईट होती असं ठरत नाही, कारण जे ठणठणीत आहेत त्यांनी पण खाल्लीच होती. बघायचं असतं ते असं की आजाऱ्यांनी खाल्लं आणि धडधाकटांपैकी कमी जणांनी खाल्लं असं काय आहे. म्हणून सीडीसीवाले आधीच साध्या, आजारी नसलेल्या लोकांना विचारून ठेवतात की मागच्या आठवड्यात काय खाल्लं, आणि आजाऱ्यांची उत्तरं त्याच्याशी ताडून बघतात. शंभरातल्या पन्नास निरोग्यांनी काकडी खाल्लेली असते आणि आजाऱ्यांत ऐंशी निघाले (आकडे नुसते समजायला) तर मग काकडीकडं बोट जातं.

आणि आठवत नसेल तर? २००९-१० ला मिऱ्याची पूड लावलेल्या सलामीमधून, म्हणजे मांसाच्या तयार कापांमधून, साथ पसरली, २७२ जण सापडले, ४४ राज्यांत, आणि आजाऱ्यांना काय आठवेना तर त्यांच्या परवानगीनं दुकानाच्या मेंबर कार्डावरची खरेदी काढली आणि बऱ्याच जणांच्या यादीत तीच सलामी निघाली. दोष मांसाचा नव्हता, वरून लावलेल्या मसाल्याचा होता. हे वाचल्यापासून माझ्याकडं कुणी पोट धरून आलं की मी म्हणते, मोबाईल दे. एक पोरगी, काकू देवाशप्पथ बाहेरचं काहीच नाही खाल्लं, रडायच्या बेतात. म्हणलं पैसे पाठवायचं ॲप उघड, सरकव वर. पाणीपुरी तीस रुपये. परत पाणीपुरी तीस. मोमोज. उसाचा रस, उसाचा रस, आणि एक कुठलंतरी शॉर्मा सेंटर. पोरगी पोट दुखत असताना हसायली. आता ह्यातलं कोण गुन्हेगार ते मला तरी कसं कळणार, माझी मेस पण त्या यादीत आहेच, पण निदान यादी तरी झाली.

ह्याच्या उलट तिचा दवाखाना. नाव घेत नाही, गल्लोगल्ली तसलेच आहेत. तापाच्या दुसऱ्याच दिवशी विडाल केली, पॉझिटिव्ह आली म्हणे, टायफॉइड म्हणून सलाईन, अँटिबायोटिक, आणि चिठ्ठीसोबत तोंडी सल्ला की मेसचं बंद करा. विडाल ही अँटीबॉडी मोजणारी टेस्ट, त्या अंगात तयार व्हायलाच आठवडाभर जातो आणि आपल्या भागात जुन्या तापाच्या, लसीच्या अँटीबॉडी असतातच, त्यामुळं ती पॉझिटिव्ह येणं फार काही सांगत नाही. खरं बघायचं तर ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं, जुलाब असतील तर स्टूल कल्चर, म्हणजे तेच संडासच्या नमुन्यातून, आणि ते अँटिबायोटिक द्यायच्या आधी. नाही केलं. मग काय, अहमदपूरकडून तिच्या वडलांचा फोन, "ताई, पोरीला तुमच्या जेवणानं टायफॉइड झालाय, पैसे परत करा." त्यांना म्हणलं भाऊ टायफॉइडला तर खाल्ल्यापासून एक-दोन आठवडे लागतात उगवायला, कधी त्याहून जास्त, आणि तुमची लेक मागच्या आठवड्यापर्यंत सुट्टीला गावाकडंच होती. फोन ठेवून दिला त्यांनी. त्यांचा राग समजतो मला, लेकराचं वर्ष असतं नीटचं, पण नमुनाच नाही घेतला तर मला दोषी पण ठरवता येत नाही आणि निर्दोष पण नाही, आयुष्यभर नुसता संशय.

असो. तर ह्या सीडीसीच्या जुन्या केसेस वाचायला बसले आणि बघते तर सगळी माझीच थाळी. शेंगदाणे घ्या. २००८-०९, जॉर्जिया राज्यातल्या एका कारखान्यातलं पीनट बटर आणि शेंगदाण्याची पेस्ट, ७१४ आजारी, ४६ राज्यं, ९ मृत्यू, आणि ती पेस्ट बिस्किटं, आइस्क्रीम, कुत्र्याचं खाणं अशा कशाकशात गेली होती म्हणून ३,९०० च्या वर वस्तू परत मागवल्या. टेस्ट पॉझिटिव्ह आलेली असताना माल पाठवला होता, मालकाला २०१५ ला २८ वर्षांची शिक्षा झाली. मला धक्का शिक्षेचा नाही बसला (बसला थोडा), मला धक्का बसला तो ह्याचा की भाजलेल्या दाण्यात पण साल्मोनेला असू शकतो. भाजताना मरतो, पण भाजून झाल्यावर परत लागला तर कोरड्या तेलकट दाण्यात महिनोन्‌महिने जिवंत बसून राहतो, वाढत नाही पण मरत पण नाही. आता आमच्याकडं काय चालायचं बघा, कच्चे दाणे ज्या सुपात निवडायचे, खडे, माती, उंदराच्या लेंड्या काढायच्या, त्याच सुपात भाजलेले दाणे ओतून टरफलं पाखडायची. घरोघरी हेच. त्या पानानंतर माझ्याकडं दोन सुपं आहेत, भाजलेल्याच्या सुपाच्या काठाला लाल नेलपॉलिशची रेघ, आणि कामाला येणाऱ्या मावशींना पहिल्या दिवशी तेच दाखवते. मावशी म्हणतात काय थेरं. असू दे थेरं, कूट तर रोजच्या भाजीत, चटणीत, कोशिंबिरीत, आणि कोशिंबिरीत ते परत शिजत नाही.

काकडी तर त्यांच्याकडं वारंवार. २०१५ ला मेक्सिकोतून आलेली काकडी, प्रकार आपला पूना, ९०७ आजारी, ६ मृत्यू. २०२४ ला परत काकडी, ५५१ जण, आणि त्या वेळी फ्लोरिडातल्या एका शेतकऱ्याकडच्या कालव्याच्या पाण्यात, जे शुद्ध न करताच वापरायचे, त्यात जुळणारा जंतू निघाला. कांदा पण सुटला नाही, २०२० ला लाल कांदा, १,१२७ आजारी, ४८ राज्यं. कांद्याचं वाचून आमच्या ह्यांनी तर मान्यच केलं नाही, म्हणले कांद्यानं कुठं माणूस आजारी पडतो होय. तिखट म्हणून जंतू मरतो असं काही नसतं. सालीला लागलेलं सुरीनं आत जातं. मी आता कांदा-काकडी आधी धुते, मग सोलते, मग परत धुते, आणि कापलेली काकडी उन्हाळ्यात तासभर पण बाहेर ठेवत नाही, जेवायला बसल्यावरच चिरायची. पाण्याची रेल्वे आलेल्या गावात हे सोपं नाहीये, २०१६ च्या दुष्काळासारखं परत झालं तर काय करायचं देव जाणे, पण धुण्याचं पाणी वाचवायची जागा कोशिंबीर नाही एवढं माझं ठरलंय.

अंड्याचं पान सगळ्यांनी वाचावं. २०१० ला तिकडं ५० कोटींच्या वर अंडी परत मागवली, १,९३९ लोक आजारी धरले. साल्मोनेलाचा एंटेरिटायडिस प्रकार कोंबडीच्या अंडाशयात बसतो, म्हणजे कवच तयार व्हायच्या आधीच आत. वरून कितीपण पुसा, काय फायदा नाही, शिजवूनच मरतो. त्यांचा नियम, बलक आणि पांढरं दोन्ही घट्ट होईपर्यंत. म्हणून माझ्याकडं हाफ फ्राय बंद, पोरींनी कितीपण तोंडं वाकडी केली तरी बंद. आणि तिकडं अंडी दुकानात फ्रीजमध्ये असतात, आपल्याकडं एप्रिल-मेच्या बेचाळीस डिग्रीत ट्रे रस्त्याच्या कडेला उन्हात, त्यामुळं मी आणते ती पण सकाळी लवकर आणि दोन दिवसांच्या पुढं साठवत नाही. अंड्याचं कच्चं मेयोनीज लावून रोल विकणाऱ्या गाड्यांबद्दल मी काही बोलत नाही, माझ्या पोरी तिथंच जातात.

जिथं मला त्यांचं पटत नाही ते पण सांगते. चिकन धुवू नका म्हणतात, शिंतोडे उडून ओट्यावर जंतू पसरतो म्हणून. शास्त्र बरोबर आहे, पण तिकडं चिकन पॅकिंगमध्ये स्वच्छ येतं. आपल्याकडं डोळ्यासमोर कापून काळ्या पिशवीत येतं, पिसं, रक्त, कधी वाळू. न धुता भगोन्यात टाका असं सांगितलं तर लातुरात कुणी जेवायला येणार नाही. मी बारीक धारेखाली, खोल पातेल्यात, सॅलडच्या भाज्या आणि ताटं उचलून झाल्यावर धुते, मग मोरी साबणानं. त्यांच्या सल्ल्यात आपल्यासारख्यांसाठी एखादी ओळ पाहिजे होती. पिल्लांचं मात्र पटलं, तिकडं दरवर्षी घरी पाळलेल्या कोंबड्या-पिल्लांमुळं साथी येतात आणि ते सांगतात पाच वर्षांच्या खालच्या लेकरांच्या हातात पिल्लं देऊ नका. आपल्याकडं बाजारात गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं विकायला येतात ना, लेकरं गालाला लावून फिरतात.

आता उणीव. पहिली आणि सगळ्यात मोठी, उशीर. माणूस आजारी पडल्यापासून त्याची केस साथीत जोडली जाईपर्यंत तीन-चार आठवडे जातात, हे तेच लिहितात प्रत्येक पानावर. दवाखाना, कल्चर, नमुना पाठवणं, जीनोम, फोन. तोवर काकडी खाऊन, पचवून, विसरून झालेली असते. म्हणून ही सेवा धोक्याचा भोंगा म्हणून घेतली तर निराशा होईल, शिकवणी म्हणून घेतली तर पैसा वसूल, म्हणजे फुकटच आहे पण तरी. दुसरं, जे सापडतं ते थोडंच. त्यांचाच अंदाज आहे की अमेरिकेत वर्षाला साडेतेरा लाख लोकांना साल्मोनेला होतो, २६,५०० ॲडमिट होतात, ४२० जातात, आणि लॅबमध्ये सापडलेल्या एका माणसामागं जवळपास तीस न सापडलेले असतात. एवढं जाळं पसरून ही गत, तर आपली काय असेल ते तुम्हीच बघा.

तिसरं, चूक झाली की शेतकऱ्याचं वाटोळं. २००८ ला सेंटपॉल प्रकाराची साथ, १,४०० च्या वर आजारी, आणि सुरुवातीला बोट गेलं टोमॅटोवर. लोकांनी टोमॅटो खायचं सोडलं, फ्लोरिडाच्या शेतकऱ्यांचा माल रानात सडला, नुकसान कोट्यवधी डॉलरचं. नंतर निघाली मिरची, हालापेनो आणि सेरानो, मेक्सिकोतल्या शेतातली, तिथल्या पाण्यात पण जंतू सापडला. चूक का झाली तर साल्सामध्ये, म्हणजे तिकडच्या कच्च्या चटणीत, टोमॅटो, मिरची, कोथिंबीर सगळंच एकत्र असतं, खाणाऱ्याला टोमॅटो आठवतो, मिरची आठवत नाही. आमच्या भागात टोमॅटोचा भाव पडल्यावर रस्त्यावर ओतलेले ढीग ज्यांनी बघितलेत त्यांना हे वाचताना पोटात तुटेल. पण एक सांगते, ही चूक त्यांनी झाकली नाही, आज पण सगळं वाचायला मिळतं, आणि मेसवाली म्हणून मला हेच जास्त भरवशाचं वाटतं.

खात्यांची वाटणी पण गंमतच आहे. साथ शोधणार सीडीसी, भाजीपाला आणि कवचातली अंडी बघणार एफडीए, म्हणजे तिकडचं अन्न-औषध खातं, मांस-चिकन बघणार शेतीखातं. चीज पिझ्झा एकाकडं आणि त्यावर मांसाचे काप टाकले की दुसऱ्याकडं. आपल्याच सरकारी कचेऱ्यांना नावं ठेवतो आपण. आणि २०२५ मध्ये सीडीसीनं थोडं आखडतं पण घेतलंय, फूडनेट म्हणून त्यांची जी बारकाईची पाहणी आहे त्यात आधी आठ जंतूंवर लक्ष ठेवणं सक्तीचं होतं, जुलै २०२५ पासून दोनच, साल्मोनेला आणि विषारी ई. कोलाय. साल्मोनेला राहिला म्हणून माझं भागतंय. काकडी-अंडी-पपई असल्या मालाचा शेतापासून दुकानापर्यंत कागद ठेवायचा नियम होता, त्याची तारीख पण ३० महिन्यांनी पुढं ढकललीय.

तुलना करायची नाही म्हणलं तरी होतेच. आपल्याकडं यंत्रणाच नाही असं म्हणणारे चुकतात. २००४ पासून आयडीएसपी, म्हणजे साथरोगांवर लक्ष ठेवायचा सरकारी कार्यक्रम आहे, जिल्ह्याला सर्वेक्षणाची टीम आहे, संशयित, संभाव्य आणि लॅबनं पक्के केलेले असे तीन फॉर्म आहेत, आता सगळं आयएचआयपी पोर्टलवर भरतात, आणि आठवड्याला देशभरातल्या साथींची यादी निघते, त्यात जिल्हा, किती आजारी, किती दगावले, काय केलं ते असतं. साल्मोनेलाचा प्रकार ओळखायला हिमाचलात कसौलीला राष्ट्रीय केंद्र आहे, जनावरांसाठीचं बरेलीजवळ इज्जतनगरला. विषबाधेला गाड्या पण पळतात. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला महाप्रसादातून दोन हजारांच्या आसपास लोकांना त्रास झाला तेव्हा रातोरात दवाखाने भरले, लोकांवर उपचार झाले. अडतं ते पुढं. पेशंट बरा झाला की बातमी संपते. कुठल्या पदार्थातून, तो पदार्थ कुठल्या दुकानातून, त्या दुकानात कुठून, एवढं मागं जाऊन मोठ्या अक्षरात लिहिलेलं पान, जे माझ्यासारखीला मोबाईलवर वाचता येईल, ते मी अजून शोधायलेय. उपवासाला भगरीतून होणाऱ्या विषबाधेचं तेवढं बऱ्यापैकी सांगतात, सुट्टं पीठ घेऊ नका, बुरशी बघा वगैरे, पण ती बुरशीची गोष्ट, साल्मोनेलाची नाही.

मी माझ्यापुरतं काय केलंय, त्यांच्या प्रश्नांच्या यादीवरून मराठीत एक पान बनवलंय, सात दिवस, सकाळ-दुपार-संध्याकाळ, घरचं का बाहेरचं, पाणी कुठलं, कच्चं काय खाल्लं. पोरगी आजारी पडली की ते आधी भरायचं, मग दवाखाना. आणि शाळेच्या पोषण आहारात चोवीस तास नमुना ठेवतात तसं मी पण रोजच्या भाजीचा, कोशिंबिरीचा, चटणीचा छोट्या डबीत नमुना ठेवते, फक्त चोवीस तासांनी माझं भागत नाही, साल्मोनेला सहा दिवस दडून बसत असेल तर नमुना पण आठवडाभर पाहिजे, म्हणून तारखेची चिठ्ठी लावून फ्रीजरमध्ये. लाईट जाते तेव्हा जीव वरखाली होतो. फ्रीजर अर्धा डब्यांनी भरलेला बघून आमचे हे म्हणतात आइस्क्रीम कुठं ठेवायचं, तर नाही ठेवायचं.

स्टार द्यायचे तर पाचपैकी चार. अर्धा उशिरासाठी कापला, अर्धा त्या चिकनच्या सल्ल्यासाठी. भाषा इंग्रजी आणि स्पॅनिश, पण वाक्यं छोटी आहेत, बारावी झालेल्या पोरीला कळतं. ईमेलला नाव टाकून ठेवता येतं, फक्त एफडीएच्या रिकॉलच्या, म्हणजे परत मागवलेल्या मालाच्या यादीला नाव टाकलं तर त्यात न सांगता दूध घातलं, न सांगता दाणे घातले असल्या ॲलर्जीच्याच सूचना जास्त येतात, त्यामुळं निवडून टाका. नवीन असाल तर आधी अंडी, मग २०२४ ची काकडी, मग २००८ चा टोमॅटो-मिरची वाचा, त्यात तपास कसा वाकड्यातिकड्या वाटेनं जातो ते कळतं.

आणि इथं कुणाला खरंच त्रास झाला तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री १८००२२२३६५ आहे. उरलेलं अन्न रागारागात नालीत ओतू नका, झाकून फ्रीजमध्ये ठेवा, आणि डॉक्टरांना गोळ्या सुरू करायच्या आधी विचारा की स्टूल कल्चर करायचं का. त्यांनी नाही म्हणलं तर का नाही ते पण विचारा. मेसवालीला फोन नंतर करा, ती कुठं पळून जात नाही, संध्याकाळच्या पोळ्या लाटायच्याच असतात तिला.